जोडवी निघेपर्यंत

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला बुडाशी एक खाच आहे. घट्ट बांगडी उतरवल्यावर मनगटावर वळ दिसतो तशी. फक्त वळ तासाभरात जातो, ही खाच जात नाही. परवा नातीनं विचारलं, "आजी, हे काय गं?"

"तुझ्या आजोबांशी पैज लावली होती. ती जिंकल्याची खूण."

"काय मिळालं मग?"

"दोन जोडवी."

"कुणाची?"

"माझीच."

"ह्याला जिंकणं नाही म्हणत, आजी." कॉलेजात जाते. तिला प्रत्येक गोष्टीची व्याख्या लागते.

तिला पुढचं सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा मी अंगानं काडी होते आणि तोंडानं तोफ. पायाची बोटं इतकी बारीक, की लग्नातली जोडवी चालताना फिरायची, धुणं धुताना घसरायची. एके दिवशी एक जोडवं मोरीतून वाहून गेलं. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दूधवाल्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, वरच्या मजल्यावरून पापड वाळत घालायला आलेल्या बाईला सांगितलं, "आमच्या सूनबाईंनी सौभाग्य मोरीत सोडलं हो." मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी उठले ती तडक सोनाराकडे. म्हटलं, अशी घट्ट करा की मी ओढली तरी येता कामा नयेत. सोनार म्हणाला, "मग पुढे निघायची नाहीत हं, वहिनी." मी म्हटलं, "काढायचीत कुणाला? मी अहेव जाणार, ह्यांच्या आधी."

वय वर्षं वीस, आणि मरणाची तयारी पूर्ण! तेव्हा मला वाटायचं, मरणाची रांग म्हणजे रेशनची रांग. पिशवी ठेवली, की आपला नंबर पुढे. साबण लावून, दात-ओठ खाऊन ती जोडवी चढवली. संध्याकाळी हे कामावरून आले, तर पाय पुढे करून दाखवले.

"आता मेले तरी निघायची नाहीत," मी म्हटलं.

ते बूट काढत होते. म्हणाले, "आणि मी आधी गेलो तर?"

"जाऊन दाखवा."

"लागली पैज?"

"लागली."

असली अक्कल.

पुढे अंग भरलं, मुलगी झाली, बोटं जाडी झाली आणि जोडवी मांसात रुतून बसली. मला त्याचा फायदाच झाला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं. फॉल-पिको, ब्लाउज, परकर, दिवसभर काही ना काही चाले. अनवाणी पायानं लोखंडी पायडल मारलं, की जोडवी त्यावर वाजायची. टिक टिक, टिक टिक. सासूबाईंना कानानं कमी ऐकू यायचं. मशीनची घरघर त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही, पण ही टिकटिक मात्र स्वयंपाकघरात बरोबर पोचायची. हे तर जिन्यातच ओळखायचे. टिकटिक फार जोरात असली, की दार उघडताना हळूच विचारायचे, "आज कोणावर?"

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. ह्यांचं पोटाचं दुखणं निघालं आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं. बरेच आठवडे. वॉर्डाबाहेर एक उंच बाक होता. मी बुटकी. बसले, की पाय अधांतरी. दिवसच्या दिवस ते लोंबते पाय घेऊन मी त्या बाकावर बसले. कुणी चहा दिला की प्यायचा, कुणी औषधाची चिठ्ठी दिली की खाली पळायचं, परत येऊन लोंबत बसायचं. पाय सुजत होते हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि आपलं वाटणं वेगळं. ते गेले त्या दिवशी माझ्या चपला माझ्याच पायात जाईनात. म्हणून खाटेखालच्या ह्यांच्या चपला घालून मी घरी आले. लोकांनी त्याचाही अर्थ काढला. अर्थ काही नव्हता. त्या मोठ्या होत्या, एवढंच.

घरी बायका जमल्या होत्या. बांगड्या वाढवल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं. मी हात पुढे केला, मान पुढे केली. शाळेत तपासणीला डॉक्टर यायचे, तेव्हा जीभ बाहेर काढायचो ना, तसं. जोडव्यांपाशी मात्र काम अडलं. साबण झाला, खोबरेल झालं. दोघी ओढत होत्या, तिसरी माझा घोटा धरून होती. मला काहीच लागत नव्हतं. मी पंख्याकडे बघत होते. पंख्यावर धूळ होती.

विठ्ठलवाडीहून आत्याबाई आल्या होत्या. ह्यांच्या आत्या, म्हणजे सासूबाईंच्या नणंद. त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. त्या म्हणाल्या, "सोडा आता. दहाव्याला सोनाराला बोलावू आणि कापून काढू."

"कापायची नाहीत," मी म्हटलं.

सकाळपासून मी तोंडातून काढलेले हे पहिले शब्द. एकीनं पदर डोळ्याला लावला. केवढा जीव नवऱ्यावर! जीव कसला? मला पैज आठवली होती. ते गेले, म्हणजे अर्धी पैज त्यांनी जिंकलीच होती. आता कात्रीनं जोडवी कापली, की उरलेली अर्धीही मी हरणार; अख्खी निघाली, तर ती अर्धी तरी माझी. डोक्यात दुसरं काही नव्हतं. रिकाम्या डब्यात एकच चिंचोका खुळखुळावा, तसं.

"ऐकलंत का हिचं?" आत्याबाई म्हणाल्या.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वन्सं, दहाव्यापर्यंत पाय उतरले, तर कापायला लागायचं नाही. तोवर तिचे पाय माझ्याकडे."

"आणि नाही उतरले तर?"

"तर तुमचा सोनार."

असा सौदा ठरला. मला कुणी विचारलं नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी माझे पाय ताब्यात घेतले. बिल्डिंगमधल्या बायकांनाही कामच मिळालं. आमच्याकडे दुःखावर काय बोलायचं ते कुणाला येत नाही, पण सुजेवर प्रत्येकीकडे औषध असतं. रत्नागिरीकडची शेजारीण एरंडाची पानं तेल लावून, तव्यावर गरम करून घेऊन आली. साताऱ्याची होती, तिनं निर्गुडीचा पाला उकळला. खालच्या मजल्यावरून आंबेहळद आणि तुरटीचा लेप आला. दोघी-तिघींच्यात हळू आवाजात वादही व्हायचे.

"एरंडानं सूज उतरते. माझ्या आईचे गुडघे…"

"गुडघे वेगळे, पाय वेगळे."

"पाय गुडघ्यालाच असतात ना?"

मी ऐकत बसायचे. एरवी मी त्यात तेल ओतलं असतं.

मिठाच्या गरम पाण्याचा शेक मात्र सासूबाई स्वतः द्यायच्या. घमेल्यात माझे पाय, आणि त्या तांब्यानं पाणी ओतताहेत. विचारायच्या, "सोसतंय?" मी म्हणायचे, "कोमट आहे. अजून ओता." त्या ओतायच्या. पुन्हा विचारायच्या, मी पुन्हा म्हणायचे, अजून. शेवटी त्यांनी आपला हात घमेल्यात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"अगं बये, पोळतंय की! कळत नाही तुला?"

मी पाय बाहेर काढून पाहिले. "लाल झालेत," मी म्हटलं. बाजारात टोमॅटो बघून म्हणावं तसं. त्यांनी आपली पोळलेली बोटं पदरात गुंडाळली. मग उठून माझ्या पायावर गार पाणी घालत बसल्या.

त्यांचा मुलगा गेला होता. वाक्य साधं आहे, पण मला ते कळायला पुष्कळ वर्षं लागली. तेव्हा मला वाटायचं, नवरा माझा गेलाय, आणि ही बाई आपली पाय घेऊन बसलीये.

शेक बंद झाला आणि काशाची वाटी निघाली. तुपाचा हात लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासले, की अंगातली उष्णता उतरते, हे आमच्यात शाळेच्या आधी शिकवतात. घासता घासता तळवे काळे होतात. जितके काळे, तितकी उष्णता बाहेर आली म्हणायचं. सासूबाईंनी घासून घासून माझे तळवे तव्याच्या बुडासारखे केले. त्याच वेळी गल्लीतले डॉक्टर आले. दिरांनी त्यांना बोलावून आणलं होतं. डॉक्टर दारातूनच माझे पाय बघून जे थबकले!

"हे कधीपासून?" त्यांचा आवाज बदलला होता.

"आत्ता, अर्धा तास," सासूबाई म्हणाल्या.

"अर्ध्या तासात एवढे काळे?"

"दोन्ही हातांनी घासत्येय ना."

डॉक्टरांनी खिशातला रुमाल काढून तळवा पुसला, रुमाल पाहिला आणि खाली बसले. आधी घाम पुसला. त्याच रुमालानं. कपाळ काळं झालं. कुणी हसलं नाही, सुतक होतं. मला हसू यायला हवं होतं, एवढं मला आठवतं.

मग त्यांनी बोटं नीट पाहिली. डाव्याचं ठीक होतं. उजव्या बोटाचं नख निळसर पडत चाललं होतं. "ताई, हे जोडवं रक्त अडवतंय. लघवी तपासून घेऊ, हृदय ठीक वाटतंय. ही बसून-बसून आलेली सूज आहे. पाय वर ठेवायचे. छातीपेक्षा वर. पंजे हलवत राहायचे. गरम काही नको, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. मीठ कमी. बोट काळं पडायला लागलं, तर मी दहावा-बारावा बघणार नाही, त्याच मिनिटाला जोडवं कापणार. नाहीतर बोट जाईल."

मिठाचा प्रश्न नव्हता. सुतकात आमच्याकडे फोडणी नाही, पापड-लोणचं नाही, मीठ नावाला. प्रश्न पाय वर ठेवण्याचा होता. समाचाराला माणसं येणार, आणि नवरा गेलेली बाई पाय वर करून पडलेली?

त्यातून खोली केवढी? चार भिंती. पूर्वेच्या भिंतीला देव होते, त्यांच्यावर कापड टाकलेलं, तरी देवच. दक्षिणेला पिठावर ठेवलेला ह्यांचा दिवा. उत्तरेला दार, आल्या माणसाच्या तोंडासमोर तळवे. पश्चिमेच्या भिंतीवर ह्यांच्या वडिलांचा फोटो. मी गादीवर नाही, चटईवर, आणि माझ्याभोवती दोन म्हाताऱ्या माझे पाय होकायंत्रासारखे फिरवताहेत.

"इकडे नको, देव आहेत."

"मग तिकडे?"

"तिकडे दादा आहेत." दादा म्हणजे फोटो.

"स्वयंपाकघरात घालू? तांदळाच्या पिंपावर पाय…"

"अन्नावर? वहिनी, शुद्धीत आहात का?"

शेवटी सासूबाईंची नजर कोपऱ्यातल्या मशीनवर गेली. पुढे फोटो नाही, देव नाही, नुसती गॅलरीतली खिडकी. आत्याबाई म्हणाल्या, "मशीनला पाय लावायचे? दसऱ्याला पूजा करता ना त्याची?"

"एरवी काय हातानं चालवते ती?" सासूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी चटईचं टोक धरलं आणि मला खिडकीकडे ओढलं. मला वाटतं, दुसऱ्याचं ऐकायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

म्हणून उरलेलं सुतक मी मशीनच्या फळीवर पाय ठेवून काढलं. फळीवर ह्यांचं जुनं धोतर घडी करून ठेवलं होतं, त्यावर टाचा. माणसं गॅलरीतून यायची ती आधी खिडकीतून माझे काळे तळवे बघायची. काही जण त्यांनाच उद्देशून बोलायचे. "फार वाईट झालं हो." मी पंजे हलवायचे, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. त्यांना वाटायचं, मी मान हलवली. कोणी एक गृहस्थ जाताना त्या तळव्यांना नमस्कार करून गेले. सवयीनं हात जोडले असतील बिचाऱ्यांनी.

सूज हळूहळू उतरत होती. घोट्याचं हाड दिसायला लागलं. एका दुपारी मला डुलकी लागली होती, जागी झाले तो सासूबाईंच्या तळहातावर डाव्या पायाचं जोडवं. खोबरेल लावून, फिरवून-फिरवून काढलं होतं.

"निघालं," त्या म्हणाल्या.

"मला उठवायचं ना."

"तुला कळलं कसं नाही?"

मी पाय पाहिला. बोटाला पांढरी अंगठी उमटलेली. मला खरंच कळलं नव्हतं. आपल्या अंगावरून एवढं काही गेलं आणि आपल्याला पत्ता नाही, ह्याचा राग यावा म्हणून मी वाट पाहिली. आला नाही.

उजवं हटेना. मशीन चालवणारा पाय तो, जाडच. बोट काळं पडलं नाही, पण निळंच राहिलं. सासूबाई दर थोड्या वेळानं नख दाबून बघायच्या. बर्फ आणला, ओल्या पट्ट्या ठेवल्या. जोडवं सांध्यापर्यंत यायचं आणि थांबायचं.

दहाव्याला पुरुष मंडळी सकाळीच कल्याणच्या खाडीवर गेली. बायका घरात. आत्याबाईंनी सोनाराला निरोप धाडला होता, दुपारी येतो म्हणाला होता. सासूबाई माझ्या पायाशी बसून होत्या, जोडवं धरून, नुसत्याच. ओढत नव्हत्या. त्यांचे हात थकले होते. त्या हळूच म्हणाल्या, "कापू दे का गं? बोट जायला नको."

त्यांनी विचारलं म्हणून की काय कोण जाणे, माझं डोकं चालायला लागलं. बॉबीन भरताना दोरा घट्ट आणि एकाशेजारी एक बसला, की कमी जागेत जास्त मावतो. बोटालाही दोरा गुंडाळून आवळलं तर?

"आई, मशीनवरचं रीळ द्या."

मशीनवर हिरवं रीळ होतं. हॉस्पिटलात जायच्या आधी एका नवरीचा हिरवा ब्लाउज शिवायला घेतला होता, तो तसाच राहिला होता.

"हिरवा दोरा?" आत्याबाई कडाडल्या. "आजच्या दिवशी? हिच्या पायाला?"

"दुसरी रिळं माळ्यावर आहेत," मी म्हटलं. "मला उभं राहवत नाही. तुम्ही चढता का, आत्या?"

सासूबाईंनी रीळ माझ्या हातात दिलं.

सुईनं दोऱ्याचं टोक जोडव्याखालून सरकवलं, टाचेकडे बाहेर काढलं. नखाच्या दिशेनं सांध्यावरून घट्ट, एकाला एक लागून, वेढे घातले. बोट हिरवं झालं, पातळ झालं. मग टाचेकडचं टोक धरून सासूबाई एक-एक वेढा सोडवायला लागल्या. वेढा सुटला, की जोडवं केसभर पुढे. पुन्हा वेढा, पुन्हा केसभर. सांध्यावर आलं आणि अडलं.

"ओढा," मी म्हटलं.

"सालटं निघेल."

"निघू दे."

त्यांनी ओढलं. मी जी ओरडले! सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. "मेल्या, जिंकले रे मी!" असं ओरडले. ह्यांना मी जन्मात कधी अरे म्हटलं नव्हतं. त्यानंतर तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज आला. तो माझाच होता.

खोलीभर बायका रडायला लागल्या. आत्याबाईंनी माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "रडली गं बाई एकदाची. मोकळी झाली." त्यांनी "मेल्या" ऐकलं होतं की नाही, देव जाणे. मी त्यांच्या पदराच्या कडेनं माझ्या बोटाकडे बघत होते. सोललं होतं, रक्त आलं होतं आणि चांगलंच ठणकत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी दुखत होतं, आणि ते फक्त बोट होतं.

सोनार आला तो चहा पिऊन गेला. जोडवी खाडीत सोडायची म्हणून आत्याबाईंनी मागितली, पण खाडीवरची माणसं तोवर परत आली होती. सासूबाईंनी ती मशीनच्या खणात टाकली, बटणांत.

तेरावा झाला. पाय पूर्ण उतरले, चपला होऊ लागल्या. ह्यांच्या चपला दाराशी तशाच होत्या, त्या कुणी हलवल्या नाहीत. नवरीच्या आईचा निरोप आला, ब्लाउज तुमच्या सवडीनं द्या, म्हणजे लवकर द्या. मी मशीनवर बसले. पायडल मारलं. शिवण सरळ जात होती. एक बाही झाली, दुसरी झाली. आतून सासूबाईंनी विचारलं, "का गं, थांबलीस?"

"नाही, चालू आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "बरं वाटत नाही का? पडतेस जरा?"

"शिवत्येय, आई."

तिसऱ्यांदा त्या स्वतः दाराशी आल्या. माझा पाय खाली-वर होत होता, चाक फिरत होतं. त्या आत गेल्या. भांडी घासण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. दुपारीच सगळी घासून झाली होती.

मी खण उघडला. बटणांतून दोन्ही जोडवी काढली. मशीनखाली वाकून पायडलच्या लोखंडी जाळीला ती हिरव्या दोऱ्यानं बांधली, सैल, म्हणजे हलतील अशी. पाय टेकला. टिक टिक. थोडी बेसूर, पण टिकटिकच.

आत भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाई बाहेर आल्या, कमरेत वाकून मशीनखाली बघितलं. घरात अहेव कोणी उरलं असेल, तर ते आता ते मशीन होतं. मला वाटलं, आता दूधवाल्यापासून सगळ्यांना कळणार.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. म्हणाल्या, "वन्सं यायच्या असल्या, की सोडून ठेवत जा."